कापडावरचा बोल

न्यायाधीश उद्या सकाळी येणार होता आणि कापडावरचा रंग अजून ओला होता. अंगणात चटया अंथरून त्यांवर ते पसरलं होतं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून. बायकांनी सहा पट्ट्या विणून एकमेकींना जोडल्या होत्या. बाल्तासारनं दोन महिने त्यावर ओणवं राहून आमच्या शालतेपेकची सगळी हकिगत काढली होती. टेकडी, झरा, मक्याची वावरं, गावाचे जुने धनी, आणि मग पावलांच्या ठशांच्या वाटेनं येणारे दाढीवाले आणि त्यांची घोडी. बाल्तासारच्या थोरल्या भावाला, लुकासला, काम पसंत होतं. निदान दुपारपर्यंत तरी होतं.

दुपारी तो उकिडवा बसून एकेक चित्र नीट बघत गेला. गावाचा प्रमुख तो, उद्या हे कापड समजावून सांगायचं त्यालाच होतं. ओढ्याकाठच्या भेटीपाशी आल्यावर तो थांबला. तिथे एका बाजूला त्याचा बाप सेबास्तियान, तेव्हाचा गावचा धनी, उभा होता, दुसऱ्या बाजूला दाढीवाला कॅप्टन, आणि मध्ये त्लाको आत्या, कॅप्टनची दुभाषी. पाठीमागे अतोयाक गाव जळत होतं. आमच्याकडे माणूस बोलतोय हे दाखवायला चितारी त्याच्या ओठांपुढे एक लहानसा वळसा काढतो. ज्याच्या ओठांपुढे वळसा, बोल त्याचा. हा वळसा आत्याच्या ओठांपुढे नव्हता. तो सेबास्तियानच्या ओठांपुढे होता, आणि त्याचं टोक अतोयाककडे वळलं होतं.

"हे काय आहे?" लुकासनं विचारलं.

"वळसा," बाल्तासार कुंचला धूत म्हणाला.

"दिसतंय मला. आबांच्या तोंडापुढे कशाला?"

"आबा बोलले म्हणून."

लुकासनं आधी आजूबाजूला पाहिलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. फक्त दाराशी त्यांची बहीण मादालेना उभी होती. ती सकाळपासून चालत अतोयाकहून, तिच्या सासरहून आली होती, आणि पायांवरची धूळसुद्धा तिनं अजून धुतली नव्हती. तिनं ऐकलं होतं.

मादालेना आली होती ती सासरचा निरोप घेऊन. झऱ्याखालच्या माळावर दोन वर्षं एका कास्तिली माणसाची, म्हणजे त्या दाढीवाल्यांपैकीच एकाची, मेंढरं चरत होती. त्यानं मक्याची उभी पिकं तुडवली, झऱ्याला कुंपण घातलं, आणि वर दावा ठोकला की ही दोन्ही गावं लढाईत जिंकलेली, तेव्हा जमिनीवर त्यांचा हक्कच नाही. झरा दोघांचा, माळ दोघांचा. एकेकट्या गावाचं न्यायाधीशानं एकदा ऐकून घेतलं होतं आणि परत पाठवलं होतं. आता दोघांनी मिळून उभं राहायचं, एकच कापड न्यायचं, असं ठरत होतं. पस्तीस वर्षांत शालतेपेक आणि अतोयाक एका चटईवर बसले नव्हते. मादालेनाचं लग्न त्यासाठीच लावून दिलं होतं, पण तिच्या लग्नानंही ते जमलं नव्हतं.

अतोयाकची अट एकच होती. गाव जळालं ते त्या दुभाषी बाईच्या खोट्या बोलण्यानं जळालं, असं कापडावर दिसायला हवं, आणि तिनं स्वतः शपथेवर ते सांगायला हवं. सेबास्तियाननं मैत्रीचा हात पुढे केला, अतोयाकनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, आणि मधल्या बाईनं आपल्या मनचं घुसडलं. असं झालं तर दोन्ही गावं निर्दोष ठरत होती. लढाई झालीच नाही, मग जिंकलं कुणी?

तशी ही गोष्ट नवी नव्हती. दोन्ही गावं पस्तीस वर्षं तीच सांगत आली होती. अतोयाकमध्ये आत्याला नावानं कुणी ओळखतच नसे, तिला 'जीभ' म्हणत. मादालेना नवी नवरी म्हणून पाणवठ्यावर गेली तेव्हा बायका सरकून बसल्या होत्या. जिभेची भाची आली, म्हणाल्या होत्या. तिचा नवरा भला होता, सासरा तोमासही वाईट नव्हता, पण त्याची दोन मुलं त्या आगीत गेली होती. सून म्हणून तो तिच्याशी कधी वाकडं बोलला नाही. फक्त पहिली दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं नाही.

"आबा असं बोलले, हे तुला कुणी सांगितलं?" ती अंगणात उतरून बाल्तासारला म्हणाली.

"आबांनीच. मोठ्या साथीत. तुम्ही कुणी नव्हता, दादा तापानं पडला होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं. म्हणाले, कधीतरी खरं काढ."

"तापात माणूस काहीही बोलतो," लुकास म्हणाला.

"तुला माहीत होतं, दादा?"

 लुकासला माहीत नव्हतं, पण शंका होती, आणि ती त्यानं वीस वर्षं उकरली नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे आत्ता बाप नव्हता, झऱ्याचं कुंपण होतं. दोनशे घरं त्या पाण्यावर जगत होती. ही माणसं रोज त्याच्या दाराशी येऊन बसत आणि काही न बोलता निघून जात, आणि ते न बोलणंच त्याला सोसत नसे. त्यानं बाल्तासारला सांगितलं की हा वळसा बुजव आणि संध्याकाळपर्यंत दुसरीकडे काढ. बाल्तासारनं कुंचला खाली ठेवला आणि काढणार नाही म्हणून सांगितलं. मग दोघं भाऊ बरंच काही बोलले, त्यात लहानपणची भांडणंही निघाली. मादालेना तिथे थांबली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या आत असताना तिथे पाऊल टाकायचं नाही, हा लग्नापासूनचा नेम तिनं आज मोडला.

त्लाको आत्या चुलीजवळ वाळकी कणसं सोलत बसली होती. साठीची बाई, गुडघे गेलेले, पण हात झपझप चालत होते. त्लाको म्हणजे मधली. तीन बहिणींतली मधली, म्हणून तेच नाव. पुढे पाद्रीनं इसाबेल ठेवलं, ते फक्त देवळात चाले. त्या चुलीच्या तीन दगडांखाली तिची नाळ पुरलेली होती. या घरातल्या सगळ्या मुलींची तिथेच पुरतात, मुलगी घराला धरून राहावी म्हणून. मादालेनाचीही तिथेच होती. दोघींपैकी एकही या घराला धरून राहिली नव्हती.

"बाल्तासार म्हणतो, ते आबा बोलले," मादालेना उभ्यानंच म्हणाली. "तुम्ही नाही."

"बाल्तासारला काय माहीत? तेव्हा तो रांगत होता."

"आबांनी सांगितलं त्याला. मरताना."

आत्याचे हात थांबले. कणसातले दोन दाणे तिच्या मांडीवरून घरंगळून चुलीकडे गेले, ते तिनं वाकून उचलले आणि टोपलीत टाकले.

"सांगितलं होय," ती म्हणाली. "मला कधी बोलला नाही. मी परत इथे राहायला आले तेव्हापासून तो जाईपर्यंत, पंधरा वर्षं याच चुलीवरचं खाल्लं आम्ही दोघांनी. रोज समोर बसायचा. मीठ दे म्हणायचा, पाणी दे म्हणायचा. मला वाटलं, विसरला."

"म्हणजे खरं आहे."

"बस. मान वर करून बोलायला मला त्रास होतो."

मादालेना बसली, पण जरा लांब. मग आत्यानं सांगितलं. तिनं ही गोष्ट आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, तरी सांगताना ती कुठे अडखळली नाही. दुसऱ्यांचं बोलणं तिनं जन्मभर पोचवलं होतं, आणि हेही ती तसंच पोचवत होती.

आमच्या जुन्या गणतीतल्या ससा-वर्षाच्या दुष्काळात, आठ वर्षांची असताना, तिला बापानं किनाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांना मक्याच्या बदल्यात दिली होती. तेव्हा पुष्कळ घरांनी मुली दिल्या. तिच्या मक्यावर भाऊ जगला. ते व्यापारी अतोयाकमध्ये उतरले होते, सौदा तिथल्याच माणसांनी जमवला होता. किनाऱ्यावर ती तिकडची भाषा शिकली, पुढे एका कास्तिली माणसाच्या घरी गेली आणि त्याची शिकली. कॅप्टन डोंगरात निघाला तेव्हा तिला बरोबर घेतलं. पंधरा वर्षांनी ती स्वतःच्या गावच्या ओढ्यावर आली ती अशी, घोड्यांच्या पुढे चालत.

"आबांनी ओळखलं?"

"लगेच. माझ्या भुवईवर खूण आहे ना, त्यानंच मारलेल्या दगडाची. आधी त्यानं खूण बघितली, मग खाली बघितलं. कॅप्टननं डोंगरावर धूर बघितला होता. विचारलं, रानात माणसं कुणाची? माणसं आपलीच होती, मादालेना. तुझ्या बापानं लपवलेली. आठशे, धनुष्यं घेऊन. त्यानं मला सांगितलं, 'मी मैत्रीनं आलोय. माणसं आहेत ती अतोयाकची, ती तुमच्यावर टपलीत, तिकडे जा.' आणि मग हळूच, माझ्यापुरतं म्हणाला, 'त्लाको, घर वाचव.'"

"आणि तुम्ही तसंच सांगितलंत."

"तसंच. दुभाष्यानं 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. कॅप्टनला ते खपायचं नाही, वेळ जातो म्हणायचा. समोरचा 'मी' म्हणाला, की आपणही 'मी' म्हणायचं. मी म्हटलं, मी मैत्रीनं आलेय, माणसं अतोयाकची आहेत, तिकडे जा. आणि हात करून वाट दाखवली. अतोयाकचे दोघं फळं घेऊन आले होते, ते कडेला उभे होते. त्यांना कास्तिली कुठे कळतेय. त्यांना दिसला तो माझा हात."

"अतोयाकमध्ये लढणारं कुणीच नव्हतं?"

"बायका होत्या, पोरं होती. आदल्या दिवशी आम्ही त्याच वाटेनं आलो होतो. रान रिकामं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं."

 एवढ्या वर्षांचा राग आता कुठे ठेवावा हे मादालेनाला कळेना. तो बापावर जाईना आणि आत्यावरून पूर्ण निघेना.

"म्हणजे माहीत असून बोललात. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. त्यांना काय कळलं असतं?"

"आलं असतं. तीन भाषा येत होत्या मला, खोटं तिन्ही भाषांत बोलता येत होतं." आत्यानं पुढचं कणीस घेतलं. "लोक म्हणतात, अतोयाकवर माझा राग होता, तिथे मला विकली म्हणून. असेलही. त्या वेळी राग होता की भाऊ होता, हे माझं मलाच पुढे कधी कळलं नाही. बोल त्याचा होता, पण तोंड माझंच होतं ना."

"सासऱ्यांची दोन मुलं गेली," मादालेना म्हणाली. "एक चार वर्षांचा होता."

"माहीत आहे. त्यांची नावंही माहीत आहेत मला."

बाहेर भावांचा आवाज चढला होता. आत्यानं कान दिला आणि विचारलं की नेमकं काय चाललंय. मादालेनानं अट सांगितली. सांगताना तिला जाणवलं की सकाळी हीच अट ती ताठ मानेनं आणत होती, आणि आता तिची वाक्यं तुटत होती. खरं सांगितलं तर अतोयाक सुटतं, शालतेपेक बुडतं, हे तिनं न सांगताच आत्याला समजलं. आठशे माणसं रानात होती म्हणजे शालतेपेक लढायला उभं होतं, आणि मग मेंढरंवाल्याचं म्हणणं खरं ठरत होतं.

"तुला काय हवंय?" आत्यानं विचारलं. "अतोयाकची सून म्हणून नको सांगूस. तुला."

मादालेनानं एक कणीस उचललं आणि सोलायला घेतलं.

परसात फेलिपा, लुकासची बायको, उद्याच्या जेवणासाठी टर्की सोलत होती. लुकास तिच्याशी बोलायला आला. आत्याला कुणीतरी समजावायला हवं होतं, आणि या घरात आत्याशी रोज बोलणारी फेलिपाच होती. तसं ते बोलणं म्हणजे बहुतेक कुरकुरच असे.

"मी नाही सांगणार," ती पिसं उपटत म्हणाली. "वीस वर्षं मी तिला बोलतेय. मीठ जास्त घातलंत, लाकडं ओली आणलीत, मधेच झोप काय काढता. ती उलटून एक शब्द बोलत नाही. आता हेही मीच सांगू?"

"गावाचं पाणी आहे त्यात."

"कळतं मला, मीही तेच पाणी भरते. पण शपथेवर असं कबूल केलं तर पाद्रीबाबा काय करतात, माहीत आहे ना? पाच रविवार देवळाच्या दारात, गळ्यात दोर, हातात मेणबत्ती. ती गुडघ्यांवर उभी राहू शकत नाही हो. तिच्या जागी तुम्ही राहणार का?"

लुकास म्हणाला की राहू दिलं तर राहीन. फेलिपानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पिसांना लागली. तो खोटं बोलत नव्हता हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. ज्या गोष्टीची कुणी मागणी करणार नाही, तिला माणूस सहज तयार होतो.

आत्याला समजवायची वेळच आली नाही. ती स्वतःच बाहेर आली, एक हात भिंतीवर, दुसरा मादालेनाच्या खांद्यावर. मादालेनानं खांदा काढून घेतला नाही. लुकासनं ते पाहिलं आणि त्याच्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं, कारण त्याला वाटलं, बहीण आपल्या बाजूला आहे. बाल्तासारनंही पाहिलं. त्याला वाटलं, ती त्याच्या बाजूला आहे.

आत्या कापडाजवळ वाकली. तिला जवळचं धड दिसत नसे, म्हणून तिनं बोटानं विचारत विचारत बघितलं. हा ओढा का? हा तो? ही मी? मग वळशापाशी तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"चांगला काढलायस," ती बाल्तासारला म्हणाली. "आता बुजव."

"आबांनी माझ्याकडून वचन घेतलंय, आत्या. खरं काढ म्हणाले."

"तो स्वतः इतकी वर्षं जिवंत होता, तेव्हा काढून घ्यायचं होतं. दोनदा गावप्रमुख झाला. चितारी घरातच होता." ती रागानं बोलत नव्हती. "स्वतःला झेपलं नाही ते पोराच्या गळ्यात बांधून गेला. त्याची सवयच होती ती. चुना आण."

"आणि तुझं काय? पुढे सगळे हेच बघतील. आम्ही मेल्यावर, पोरांची पोरं. कापड राहतं, आत्या."

"मी कधी माझं बोलले की आता बोलायचं राहिलंय? आण चुना."

बाल्तासार रडला. छत्तीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, अंगणाच्या मधोमध बसून रडला, आणि लुकासनं त्याला काही म्हटलं नाही. मग त्यानं चुना कालवला, बापापुढचा वळसा बुजवला, वाळू दिला. ऊन उतरायच्या आत त्यानं आत्याच्या ओठांपुढे नवा वळसा काढला. आत्या तोवर चटईच्या कडेला बसून होती. तिनं त्याला बजावलं की हातही काढ, वाट दाखवणारा, नाहीतर अतोयाकवाल्यांना पटायचं नाही. काढून झाल्यावर तिनं पुन्हा डोळे बारीक करून बघितलं.

"नाक जरा चपटं काढलंस," ती म्हणाली.

सकाळी न्यायाधीश आला. चावडीत त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती, कापड भिंतीला टांगलं होतं. एका अंगाला आमची माणसं बसली, दुसऱ्या अंगाला अतोयाकची, आणि त्यांच्यात पहिला म्हातारा तोमास. राजधानीहून न्यायाधीशाबरोबर एक दुभाष्या आला होता, मधल्या वयाचा, दात पडलेला. साक्षीदारानं आपल्या भाषेत बोलायचं आणि दुभाष्यानं सांगायचं, असा कायदा. साक्षीदाराला कास्तिली येत असली तरीही.

लुकासनं कापड समजावलं. त्याचा आवाज घट्ट होता. मग आत्याला पुढे बसवलं, क्रूसावर हात ठेवायला लावला. न्यायाधीशानं विचारलं की त्या दिवशी ओढ्याकाठी धनी काय म्हणाला.

"मैत्रीनं आलोय म्हणाला. अन्न आणलंय म्हणाला. बस," आत्या म्हणाली.

दुभाष्यानं ते सांगितलं. आत्या मान तिरकी करून ऐकत होती. कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण मादालेनानं पाहिलं, त्याच्या बोलण्याबरोबर आत्याचे ओठ किंचित हलत होते.

"मग अतोयाकचं कोण बोललं?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मी बोलले. माझ्या मनानं."

"खोटं होतं, हे तेव्हा माहीत होतं?"

  बाल्तासार जमिनीकडे बघत होता. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर आत्याला बनवायचं नव्हतं.

"माहीत होतं," ती म्हणाली.

दुभाष्यानं त्याचंही भाषांतर केलं. तो 'ती म्हणते' असं म्हणाला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की काय हे मादालेनाला पुढे कितीदा आठवूनही ठरवता आलं नाही. आताच्या काळात दुभाष्यांना 'ती म्हणते' म्हणायला चालत होतं.

लेखनिकानं लिहून घेतलं. न्यायाधीशानं दोन्ही गावांच्या माणसांच्या खुणा आणि सह्या घेतल्या आणि तो म्हणाला की कुंपण काढायचा हुकूम महिन्याभरात निघेल. पाद्रीबाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी जाता जाता लुकासला सांगितलं की रविवारपासून तिला पाठव.

जेवण लुकासच्या अंगणात. टर्की मिरचीच्या रश्शात, पानात उकडलेले मक्याचे उंडे, घायपाताची ताडी. पस्तीस वर्षांनी अतोयाकची माणसं या उंबऱ्याच्या आत आली होती. आधी अवघडून बसली, मग ताडीनं सैल झाली. कुणीतरी मेंढरांवरून एक चावट विनोद केला आणि दोन्ही गावं एकदम हसली. ते हसणं ऐकून लुकासच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं मिरचीला दोष दिला.

आत्या आत चुलीपाशी होती. तिच्यासमोर बसून अतोयाकवाले जेवले नसते, हे कुणाला सांगावं लागलं नाही. फेलिपानं तिचं ताट आधीच आत नेऊन ठेवलं होतं, आणि त्यात टर्कीची मांडी होती, जी ती एरवी लुकासला वाढते.

मादालेना आपलं ताट घेऊन आत गेली आणि आत्याच्या शेजारी बसली, अगदी जवळ.

"आत्या," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं हा शब्द उच्चारला नव्हता. "रविवारी मी येईन. तुझ्याजवळ उभी राहीन."

"वेडी आहेस का?" आत्या म्हणाली. "ऊठ. बाहेर जा."

"जेवू दे इथे."

"तुला त्यांच्यात राहायचंय. तुझ्या पोरींची लग्नं त्यांच्यात व्हायचीत. इथे बसलीस की त्यांना वाटेल, हिला काहीतरी माहीत आहे. म्हातारा फार हुशार आहे तुझा. जा. आणि रविवारी येऊ नकोस." तिनं मादालेनाच्या ताटात टर्कीची ती मांडी ठेवली. "हे घेऊन जा. मला चावत नाही."

 आत्यानं तिच्याकडे पाठ केली आणि चुलीत लाकूड सारलं. मग मादालेना उठली.

बाहेर तोमासनं आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा ठेवली होती. ती बसली. त्यानं तिच्या ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"आत होतीस," तो म्हणाला.

"मीठ आणायला."

"मला एक सांग, पोरी. इतकी वर्षं मी तुला विचारलं नाही. तुझ्यावर ओझं नको म्हणून." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "तुझ्या बापानं खरंच काही सांगितलं नव्हतं ना तिला? त्या दिवशी मी लांब होतो. फळं घेऊन गेलेल्या दोघांत माझा भाऊ होता. तो मरेपर्यंत म्हणायचा, आधी धनी बोलला आणि मग तिनं हात केला."

अंगण गजबजलेलं होतं. समोर बाल्तासार तिच्याकडेच बघत होता, त्याला ऐकू येत नव्हतं, पण काय विचारलं असेल ते त्यानं ओळखलं होतं. लुकास ताडी वाढत हसत होता. भिंतीपलीकडे, झऱ्याच्या अंगाला, त्या माणसाची मेंढरं ओरडत होती.

"ती आत्ताच म्हणाली मला," मादालेना म्हणाली. "मी बोलले, म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं."

तोमासनं मान हलवली. मग त्यानं हात लांबवून तिच्या ताटातला मांडीचा एक तुकडा तोडून घेतला आणि खाल्ला.